फ्लॉरेन्सला पहिल्यांदा जाताय? आधी तीन बुकिंग करा, मग बाकीचं

ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला इटलीचा प्लॅन दाखवलाय आणि जवळजवळ प्रत्येकात फ्लॉरेन्स म्हणजे रोम आणि व्हेनिसच्या मधला एक थांबा. सकाळी उतरायचं, मोठ्या चर्चसमोर फोटो, जुन्या पुलावर फोटो, दुपारी पिझ्झा की निघालो. आम्हालाही एका टूरवाल्याने असाच चार तासांचा कार्यक्रम लिहून दिला होता, तो मी बाजूला ठेवला आणि आई-बाबा, नवरा आणि मी असे चौघं आपलं आपण गेलो, तीन रात्री राहिलो, आणि आता कोणी विचारलं की मी ठामपणे सांगते, फ्लॉरेन्सला किमान तीन रात्री द्या, हवं तर दुसरं एखादं शहर यादीतून काढा पण इथली रात्र काढू नका. कारण हे गाव आकाराने लहान आहे, स्टेशनपासून जुन्या पुलापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं, पण आत इतकं ठासून भरलंय की धावत बघितलं तर सगळं एकमेकांत मिसळून जातं, आणि संध्याकाळी दिवसापुरते आलेले लोक परत गेले की मगच हे शहर आपल्याला नीट भेटतं.

आता पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते, म्हणजे काय कधी करायचं ते.

सगळ्यात आधी महिना आणि वार

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ च्या वर जातो, शहर डोंगरांमधल्या खोलगट जागी आहे त्यामुळे उकाडा साचून राहतो, आणि १५ ऑगस्टच्या आसपास तिथली बरीच छोटी दुकानं, खानावळी सुट्टीसाठी बंद असतात. आपल्याकडे शाळेच्या सुट्ट्या मे महिन्यात असतात ते इथे छान जुळतं. नोव्हेंबरमध्ये पाऊस, पण गर्दी कमी आणि हॉटेल स्वस्त, छत्री घेऊन फिरायची तयारी असेल तर तोही महिना मला वाईट वाटत नाही.

वाराचं जास्त महत्त्वाचं. सोमवारी उफीझी गॅलरी बंद, मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमिया बंद, पित्ती पॅलेस पण बंद. म्हणजे ज्यांच्याकडे एकच दिवस आहे आणि तो सोमवार निघाला त्यांचं काय होत असेल विचार करा. आणि महिन्यातल्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम फुकट असतात, हे ऐकून लोक खूश होतात, पण त्या दिवशी रांग इतकी असते की अख्खी सकाळ रस्त्यावर जाते. पैसे वाचवायचेच असतील तर ठीक, नाहीतर हजारो किलोमीटर येऊन तो दिवस रांगेत घालवू नका.

व्हिसा

इटलीत सगळ्यात जास्त रात्री असतील तर शेंगेन व्हिसा (एकावरच युरोपातले बरेच देश फिरता येतात तो) इटलीचाच काढायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मोठ्या माणसाला ९० युरो फी अधिक व्हीएफएसचा (व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) सर्व्हिस चार्ज, आणि ३०,००० युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतोच. उन्हाळ्याच्या सीझनला अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून दोन-तीन महिने हातात ठेवून सुरुवात करा. बँक स्टेटमेंटमध्ये शेवटच्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम आणून टाकू नका, ते बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. हॉटेल बुकिंग आधी कॅन्सल करता येईल असंच करा.

तीन बुकिंग, हीच खरी गोष्ट

तारखा पक्क्या झाल्या आणि व्हिसा हातात आला की त्याच दिवशी बसून ही तीन तिकिटं काढायची, बाकी सगळं नंतर. दुओमोचा म्हणजे मोठ्या चर्चचा घुमट, अकादेमिया, उफीझी. तिन्ही ठिकाणी वेळेचा स्लॉट असतो. तिकिटं त्यांच्या अधिकृत साईटवरूनच घ्या, सर्चमध्ये सगळ्यात वर ज्या साईट येतात त्या बऱ्याचदा मधल्या लोकांच्या असतात आणि दुप्पट पैसे घेतात, साईट दिसायला अगदी सरकारीच वाटते म्हणून नीट बघून मगच कार्ड नंबर टाका.

घुमटाचं थोडं सविस्तर सांगते कारण इथेच लोक फसतात. दुओमो म्हणजे सांता मारिया देल फियोरे, त्या चर्चमध्ये नुसतं जायला तिकीट नाही, रांगेत उभं राहायचं आणि जायचं, फक्त रविवार टाळा. पण घुमटावर चढायचं असेल तर बुकिंगशिवाय सोडतच नाहीत. ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, शेवटचा जिना दोन भिंतींच्या मधून तिरका वर जातो आणि एकदा चढायला लागलं की मधेच मागे फिरणं अवघड. ज्यांना बंद जागेत घाबरायला होतं, गुडघे दुखतात, हार्टचा त्रास आहे त्यांनी जाऊ नये, हे मी मनापासून सांगते. पण ज्यांना जमेल त्यांनी जरूर जा, कारण त्या दोन भिंती म्हणजेच या घुमटाचं रहस्य आहे. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात हा बांधला, खालून लाकडाचा भरभक्कम आधार न उभारता, आत एक कवच बाहेर एक कवच, विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रचत नेलेल्या, चाळीस लाखांच्या वर विटा. आपण चढतो ते या दोन कवचांच्या मधून, म्हणजे ते बांधकाम हाताने चाचपत वर जातो. विटांतला आजचा जगातला सगळ्यात मोठा घुमट हाच.

घुमटाचा स्लॉट मिळाला नाही तर शेजारचा जिओत्तोचा मनोरा. ४१४ पायऱ्या, पण मधे मधे थांबायला मजले आहेत, दम घेता येतो, आणि वरून घुमट समोर दिसतो, जो घुमटावर चढून दिसत नाही. बाबांना चढायचं नव्हतं तर ते आणि आई ओब्लाते नावाच्या सार्वजनिक लायब्ररीत गेले, दुओमोपासून पाच मिनिटांवर, वरच्या मजल्यावर साधा कॅफे आहे आणि तिथून घुमट अगदी जवळ दिसतो. आजूबाजूला अभ्यास करणारी कॉलेजची मुलं, सगळं शांत. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर ही जागा नक्की लिहून ठेवा.

पोचायचं कसं

मुंबई-पुण्याहून बहुतेक लोक आखातातल्या एखाद्या शहरात विमान बदलून रोम किंवा मिलानला उतरतात. फ्लॉरेन्सचा स्वतःचा विमानतळ छोटा आहे, युरोपातल्या दुसऱ्या शहरातून येत असाल तरच त्याचा उपयोग, तिथून ट्रामने वीसेक मिनिटांत गावात पोचता. पिसाच्या विमानतळावर उतरलात तर तिथून ट्रेनने साधारण एक ते सव्वा तास. शक्य असेल तर रोमला उतरून मिलान किंवा व्हेनिसहून परतीचं विमान घ्या, उगाच मागे यायला नको.

रोमहून फ्लॉरेन्स फास्ट ट्रेनने दीड तास, मिलानहून दोन तास. त्रेनितालियाची फ्रेच्चारोसा आणि इतालो, अशा दोन कंपन्यांच्या गाड्या, दोन्ही चांगल्या, तिकीट जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त. पण एक आहे, सगळ्यात स्वस्त तिकीट ठराविक गाडीचंच असतं आणि गाडी चुकली की ते गेलं. आता शेंगेनमध्ये शिरताना बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्यामुळे इमिग्रेशनला किती वेळ जाईल सांगता येत नाही, म्हणून उतरण्याच्या दिवशीची ट्रेन तीन तासांचं अंतर ठेवून काढा किंवा बदलता येणारं थोडं महाग तिकीट घ्या.

बोर्डावर फ्लॉरेन्स शोधू नका, तिथे फिरेन्झे लिहिलेलं असतं. आणि फिरेन्झे नावाची स्टेशनं एकापेक्षा जास्त आहेत, तुम्हाला हवं ते सांता मारिया नोव्हेल्ला, काही गाड्या फक्त काम्पो दि मार्ते किंवा रिफ्रेदीला थांबतात, तिकीट काढताना बघा. पिसा, लुका वगैरेला जायच्या लोकल-टाईप गाड्यांचं कागदी तिकीट असेल तर प्लॅटफॉर्मजवळच्या छोट्या मशिनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यायची, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. हे आपल्या लक्षातच राहत नाही कारण आपल्याकडे ही पद्धत नाही.

गाडी भाड्याने घेऊन गावात शिरू नका. जुन्या शहरात बाहेरच्या गाड्यांना मनाई आहे, कॅमेरे लावलेत, आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते.

राहायचं कुठे

स्टेशन आणि दुओमोच्या मधे राहिलात तर सोयीचं, पण आम्ही नदीच्या पलीकडे ओल्त्रार्नो भागात राहिलो आणि मला तेच आवडलं, तिथे अजून सुतार, चांभार, फ्रेम बनवणारे यांची छोटी छोटी दुकानं आहेत, संध्याकाळी सांतो स्पिरितोच्या चौकात गावातली माणसं बसलेली असतात. कुठेही राहा पण बुक करताना लिफ्ट आहे का विचारा, जुन्या इमारती, उंच जिने, आणि त्यांचा पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा. रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, चाकांच्या मोठ्या बॅगा ओढताना हात भरून येतात, आमच्या एका बॅगेचं चाक तिथेच निखळलं, म्हणून सामान कमी. हॉटेलच्या बिलाशिवाय माणशी दर रात्रीचा शहराचा टॅक्स वेगळा द्यावा लागतो, स्टार जितके जास्त तितका टॅक्स जास्त, हा फसवणुकीचा प्रकार नाही, सगळ्यांनाच लागतो, फक्त आधी हिशोबात धरा.

तीन दिवस कसे लावायचे

पहिल्या दिवशी पोचल्यावर काहीच बुक नको. नुसतं चाला. पोंते वेक्क्यो म्हणजे जुना पूल, १३४५ चा, आज दोन्ही बाजूला सोनारांची दुकानं आहेत पण आधी तिथे खाटीक बसायचे, १५९३ मध्ये त्यांना उठवून सोनार आणले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये जर्मन सैन्याने माघार घेताना शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा एकच राहिला. चालताना घरांच्या भिंतींवर डोक्याच्या कितीतरी वर एक रेघ आणि तारीख दिसेल, ४ नोव्हेंबर १९६६, त्या दिवशी आर्नो नदीचं पाणी तिथपर्यंत आलं होतं. सांगली-कोल्हापूरचा पूर बघितलेल्या माणसाला ती रेघ बघून पोटात कालवतं, आई तर कितीतरी वेळ तिथून हललीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या स्लॉटला अकादेमिया. डेव्हिड ५ मीटरच्या वर उंच आहे हे वाचून माहीत असतं, तरी समोर गेल्यावर माणूस गप्प होतो. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात तो एका टाकून दिलेल्या संगमरवराच्या ठोकळ्यातून काढला. तो आधी उघड्या चौकात होता, १८७३ मध्ये इथे आणला, आणि आता चौकात उभी आहे ती नक्कल. पण माझी विनंती अशी, की डेव्हिडकडे धावत जाताना दोन्ही बाजूंना जे अर्धवट पुतळे उभे आहेत ना, कैदी म्हणतात त्यांना, तिथे थांबा. दगडातून माणूस अर्धा बाहेर आलाय, अर्धा अजून आतच अडकलाय, छिन्नीचे घाव तसेच दिसतात. मला विचाराल तर पुतळा घडतो कसा हे कुठल्याही पुस्तकापेक्षा तिथे जास्त कळतं.

त्याच भागात सान मार्को नावाचा जुना मठ आहे, तो पण सकाळीच उरका कारण दुपारी लवकर बंद होतो. फ्रा अँजेलिकोने साधूंच्या एकेका खोलीत एकेक भित्तिचित्र काढलंय, खोली बारकी, एक खिडकी आणि एक चित्र. बुकिंगची मारामारी नाही, गर्दी नाही.

उफीझी तिसऱ्या दिवशी ठेवा, अकादेमियाच्याच दिवशी नको, डोळे थकतात. तीन तास धरा. आधी वरच्या मजल्यावर जायचं आणि तिथून खाली उतरत यायचं, बोत्तिचेल्लीची दोन मोठी चित्रं म्हणजे व्हीनसचा जन्म आणि वसंत, लिओनार्दोचं चित्र, मायकेलअँजेलोचं गोल चित्र, हे सगळं वरच आहे. खाली काराव्हाज्योची मेदूसा. सगळ्या खोल्या बघायचा हट्ट सोडा. हा खजिना इथे राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याचा, आणि तो अजून इथे आहे याचं श्रेय त्या घराण्यातल्या शेवटच्या बाईला, आन्ना मारिया लुइसा, तिने १७३७ मध्ये करारच करून ठेवला की यातली एकही वस्तू शहराबाहेर जाता कामा नये. या बाईबद्दल मला फार आदर वाटतो.

संध्याकाळी पियाझ्झाले मिकेलांजेलोवरून सूर्यास्त बघायला सगळं जग जमतं, १२ किंवा १३ नंबरची बस वर जाते. तिथून अजून थोडं वर सान मिन्यातो चर्च आहे, हजार वर्षांपूर्वीचं, तिथली संध्याकाळची प्रार्थना साधू गाऊन करतात आणि कोणालाही मागे बसून ऐकता येते. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एक ओढणी किंवा पंचा बॅगेत असू द्या.

खाण्यापिण्याचं

शाकाहारी लोकांनी घाबरायचं कारण नाही. या भागाचं जुनं गरिबाघरचं जेवणच शेंगा, भाज्या आणि शिळ्या पावाचं आहे. रिबोल्लिता म्हणजे पाव, पांढरे घेवडे आणि काळसर पानांची कोबीची भाजी घालून केलेलं दाट सूप, पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला शिळा पाव, आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो त्याच कुळातलं. चेचिना म्हणून बेसनाचं भाजलेलं जाडसर धिरडं मिळतं, आईला ते इतकं आवडलं की दोन दिवस तेच. फक्त विचारून घ्या, सेंझा कार्ने म्हणजे मांसाशिवाय, सेंझा वोवा म्हणजे अंड्याशिवाय, आणि सूपमध्ये मांसाचं पाणी आहे का हे वेगळं विचारा कारण त्यांच्या दृष्टीने ते मांस नसतं. ताज्या पास्त्यात बहुतेक अंडं असतं, सुक्यात सहसा नसतं. पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, कडक शाकाहारी असाल तर हे माहीत असावं. तिथला पाव अळणी असतो, तो बिघडलेला नाही, पद्धतच तशी आहे, थेपले आणि लोणचं बरोबर असेल तर उत्तम.

कॉफी काउंटरवर उभ्याने प्या, टेबलावर बसलात की तीच कॉफी कितीतरी महाग. जेवणाच्या बिलात कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो लावतात, ते ठीक आहे, टीप द्यायलाच पाहिजे असं नाही. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका, सिन्योरिया चौकात सार्वजनिक नळ आहे, गार पाणी फुकट मिळतं, बाटली भरून घ्या. आणि चर्चच्या पायऱ्यांवर बसून सँडविच खाऊ नका, दंड बसू शकतो.

पाकीटमार ट्राममध्ये आणि स्टेशनवर, एवढं लक्षात ठेवा. रस्त्यावर जमिनीवर चित्रं पसरून ठेवलेली असतात त्यावर पाय पडला की पैसे मागतात, सह्या मागायला येणाऱ्यांशी बोलू नका. अडचण आली तर ११२.

आणि आपल्या माणसासाठी अर्धा दिवस

हे बहुतेक टूरमध्ये नसतं म्हणून शेवटी पण आवर्जून. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, इंग्लंडचा दौरा करून परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच वारले. वय अवघं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती, प्रेत जाळायची तिथे पद्धत नव्हती, खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर आपल्या रीतीने अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभारली, आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, डोक्यावर फेटा. छत्रीचं डिझाईन चार्ल्स मँट यांचं, कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी काढला तेच. तिथले लोक या जागेला इंदियानो म्हणतात, शेजारच्या मोठ्या पुलाचं नाव सुद्धा तेच. माझं माहेर कोल्हापूरचं, परक्या देशात झाडांच्या मधून ती छत्री दिसली तेव्हा बाबांनी चप्पल काढली आणि आम्ही सगळेच काही न बोलता उभे राहिलो.

जायचं असं, टी१ ट्रामने काशिने स्टॉपला उतरायचं, तिथून काशिने पार्कच्या आतून नदीच्या कडेने पश्चिमेला चालत राहायचं, अगदी पार्क संपेपर्यंत, अर्धा-पाऊण तास लागतो, सपाट रस्ता आहे, सायकल भाड्याने घेतलीत तर अजून बरं. पाणी बरोबर घ्या, टोकाला दुकान नाही. मंगळवारी सकाळी गेलात तर पार्कमध्ये मोठा आठवडी बाजार भरलेला असतो, तो येताना बघा. फुलं वाहायची असतील तर गावातूनच घेऊन निघा, आणि अंधार पडायच्या आत परत ट्राम स्टॉपला या, पार्क संध्याकाळी अगदीच निर्मनुष्य होतं.